क्लबला पाटी आणि पाराला टवाळी

इंग्रजी अद्भुतकथेच्या भक्तमंडळींत एक नवे तीर्थमाहात्म्य रूढ झाले आहे. ऑक्सफर्ड येथील सेंट जाइल्स रस्त्यावर ‘ईगल अँड चाइल्ड’ नावाचे एक जुने मद्यगृह आहे. तेथे टोल्किन, लुईस आणि त्यांचे ‘इंकलिंग्ज’ हे मित्रमंडळ दर मंगळवारी सकाळी जमत असे. तेथील पाइपांच्या धुरातून आणि बियरच्या पेल्यांतून मध्य-पृथ्वी व नार्निया ही दोन अद्भुत जगे अवतरली, असे हे माहात्म्य सांगते. मंडळाच्या स्मृतीची पाटी तेथे लागली. २०२० साली हे मद्यगृह बंद पडले, तेव्हा जणू एखादे देऊळच बंद झाल्याप्रमाणे वाचकांना हळहळ वाटली. हळहळीबद्दल आमची तक्रार नाही. परंतु माहात्म्य आणि इतिहास या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि माहात्म्य इतिहासाच्या जागी येऊन बसले म्हणजे कोणाच्या तरी हक्कावर गदा येते, हे व्यवसायाने वकील असल्यामुळे आम्हांस रोज दिसते.

इतिहास असा की, मंडळाचे हस्तलिखित-वाचन प्रामुख्याने होई ते गुरुवारी रात्री, मॉडलिन कॉलेजातील लुईस यांच्या खोल्यांत. मंगळवारची मद्यगृहातील बैठक ही गप्पांची. याहून महत्त्वाची गोष्ट ही की, टोल्किन यांच्या कथेला लागलेले मोठे भांडवल ना त्या खोल्यांतले होते, ना त्या मद्यगृहातले. विद्यार्थिदशेतच, १९१४ च्या सुमारास, त्यांनी फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यातील कुल्लेर्वोची कथा आपल्या शब्दांत लिहावयास घेतली होती. त्यांच्या तूरिन या दुर्दैवी नायकाचे मूळ तेथे आहे. हे ऋण टोल्किन यांनी स्वतः पत्रांतून मान्य केले. ‘कालेवाला’ तरी कोठून आले? एलियास ल्योनरोट या वैद्याने कारेलियाच्या खेड्यापाड्यांतून फिरून, गाणाऱ्यांच्या मुखातून ते टिपून घेतले व १८३५ साली प्रसिद्ध केले. १८३४ साली त्याला भेटलेल्या एका श्रेष्ठ गायकाचे नाव आर्हिप्पा पेर्तुनेन. तो खेडूत होता. तरी त्याचे नाव फिनलंडच्या वाङ्मयेतिहासात आदराने लिहिले जाते. लेखक कोठे बसून पेला रिकामा करीत असे, हे सांगणारी पाटी लावणे सोपे असते. त्याने कोणाचे ऐकून लिहिले, हे सांगणारी पाटी लावणे कठीण. आमचे म्हणणे एवढेच आहे की, पहिली पाटी बहुधा दुसरीची जागा अडविते.

हा वाद आम्ही बालाघाटास बसून का घालावा, असे कोणी विचारील. घालावा, कारण इंग्रजी अद्भुतकथेतील एक सर्वश्रुत पुस्तक आमच्या उंबरठ्यावरून उचललेले आहे. रुडयार्ड किपलिंग यांची ‘जंगल बुके’ १८९४ व १८९५ या साली प्रसिद्ध झाली. त्यांतील लांडग्यांची टोळी राहते ती सिवनीच्या टेकड्यांत, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. आणि शेरखान ज्या नदीच्या काठी राहतो ती नदी वैनगंगा, जी सिवनीत उगम पावून आमच्या शहराजवळून पुढे भंडाऱ्याकडे जाते. बालू, बघीरा, शेरखान, अकेला, हाथी ही नावे तर आमच्या बाजारात रोज ऐकू येणाऱ्या बोलीतली. १८६७ साली जेव्हा आमचा जिल्हा बनविण्यात आला, तेव्हा मंडला, सिवनी व भंडारा या तिघांचे तुकडे त्यासाठी जोडण्यात आले होते. तेव्हा मोगलीच्या अरण्याच्या खसऱ्यात आमच्याही नावाची थोडी वहिवाट आहे, असे समजण्यास हरकत नसावी.

स्वतः किपलिंग सिवनीस आल्याचा पुरावा नाही. पुस्तके लिहिली गेली ती अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात, बर्फाच्या दिवसांत. मग सातपुडा तेथे पोहोचला कसा? पुष्कळसा कागदावरून. रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याचे सिवनीच्या छावणी-जीवनावरील पुस्तक १८७७ साली निघाले होते, आणि हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांवरील त्याचा ग्रंथ १८८४ साली. ठगांच्या बंदोबस्ताने प्रसिद्ध झालेल्या स्लीमन यांनी लांडग्यांनी वाढविलेल्या मुलांच्या हकीकती १८५२ साली छापल्या होत्या. त्यांतील गाजलेल्या हकीकती अवधच्या सुलतानपूरकडील आहेत, सिवनीच्या नव्हेत. वडील लॉकवुड किपलिंग यांचे हिंदुस्थानातील माणूस व पशू यांच्या संबंधांवरील पुस्तक १८९१ चे. आणि मोगलीच्या मूळ कल्पनेविषयी किपलिंग यांनी आत्मचरित्रात, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली निघाले, आपले मित्र रायडर हॅगार्ड यांच्या एका झुलू कादंबरीतील वाक्याचे स्मरण केले आहे. या हॅगार्ड यांची ओळख लंडनच्या सॅव्हिल क्लबातली. त्याआधी लाहोरास वृत्तपत्रात असताना किपलिंग यांची संध्याकाळ पंजाब क्लबात जाई. तेथे जमणाऱ्या साहेबलोकांच्या बोलण्यातून आपणास किती मिळाले, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

म्हणजे क्लबाचे ऋण नोंदले गेले आहे, स्नेह्याचे नोंदले गेले आहे. उरलेल्यांचे काय? १८९५ सालचे त्यांचे एक पत्र २०१३ साली विक्रीस आले, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. त्यात किपलिंग यांनी ‘जंगलच्या कायद्या’विषयी मोकळेपणाने सांगितले आहे की, तो बराचसा प्रसंगाच्या गरजेप्रमाणे रचलेला असून थोडा भाग एस्किमोंच्या शिकारवाटपाच्या नियमांतून जसाच्या तसा घेतला आहे, शिवाय आपण इतरांच्याही कथांतून मुक्तहस्ते उचलले असणे अगदी संभवते, पण कोणाच्या, ते आता आठवत नाही. या प्रांजळपणाचे आम्हांस कौतुक वाटते. तथापि न्यायालयात एखाद्या प्रतिवादीने ‘घेतले असेल, कोणाचे ते स्मरत नाही’ असे निवेदन केले, तर त्याला आम्ही ऋणमुक्ती म्हणत नाही. त्याला कबुलीजबाब म्हणतो. आणि पहिल्या पुस्तकाची प्रस्तावना पाहावी. तीत लेखकाने आपल्या माहितगारांचे गंभीर मुद्रेने आभार मानले आहेत: एका सरकारी हत्तीचे, त्याच्या बहिणीचे, लांडग्यांच्या टोळीतील एका सभासदाचे! विनोद सुरेख आहे यात शंका नाही. पण त्या विनोदी आभारपत्रिकेत या देशातील एकाही माणसाला जागा मिळू नये, ही गोष्ट विनोदाने झाकली जात नाही.

आता आमच्या फिर्यादीचा मुख्य मुद्दा. मोगली माणसांत येऊन राहतो त्या कथेत किपलिंग यांनी गावच्या मोठ्या झाडाखालील ओट्याचे वर्णन केले आहे. पाटील, राखणदार, न्हावी आणि बलदेव नावाचा म्हातारा शिकारी तेथे संध्याकाळी हुक्का ओढीत बसतात आणि भुताखेतांच्या, देवांच्या, जनावरांच्या गोष्टी रात्र होईतो चालतात. या जागेला किपलिंग यांनी स्वतःच ‘गावचा क्लब’ असे म्हटले आहे. म्हणजे पार हाही एक क्लबच आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. मग या क्लबाची त्यांनी काय संभावना केली? बलदेव गोष्ट सांगतो, आणि मोगली, जो त्या पुस्तकाचा नायक व सत्याचा अधिकारी, ती गोष्ट म्हणजे कोळिष्टके व वेड्याची बडबड आहे असे सर्वांसमक्ष ठरवून टाकतो. लाहोरच्या क्लबात ऐकलेली हकीकत ही माहिती. पारावर ऐकलेली हकीकत ही थाप!

आणि ती गोष्ट तरी काय होती? बलदेव सांगतो की, मुलाला उचलून नेणारा वाघ हा साधा वाघ नव्हे. त्याच्या देहात पुरणदास नावाच्या एका मेलेल्या दुष्ट सावकाराचे भूत शिरले आहे. पुरावा काय? दंग्यात त्या सावकाराच्या हिशेबाच्या वह्या जाळल्या गेल्या, तेव्हा बसलेल्या तडाख्याने तो लंगडत असे. आणि हा वाघही लंगडतो. मोगली यावर हसून म्हणतो की, वाघ जन्मतःच लंगडा आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मोगलीचे खरे असेल. पण वाचकहो, या दोन विधानांपैकी कशात जास्त सत्य आहे? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली व कर्जरोखे जाळले. पुणे आणि नगर या जिल्ह्यांत ते लोण पसरले. त्याच्या चौकशीला सरकारला कमिशन नेमावे लागले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या देशात हे घडले, त्या देशातील एका म्हाताऱ्याने सावकाराला नरभक्षक वाघाच्या कातड्यात पाहिले, ही कोळिष्टके नव्हेत. हे रूपक आहे, आणि ते अव्वल दर्जाचे रूपक आहे. बोलणाऱ्या बिबळ्यावर आपण विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणारा ग्रंथकार, सावकाराच्या भुतावर विश्वास ठेवणाऱ्या खेडुताची टर उडवितो, यातील विसंगती त्याच्या भक्तांना शंभराहून अधिक वर्षांत कशी खुपली नाही?

पुढल्या एका कथेत गोंडांचा मुखिया येतो. गोंड हे या भूमीचे आद्य मालक होत, असे किपलिंग तेथे स्पष्ट लिहितात. पण या आद्य मालकाच्या तोंडी त्यांनी फारसे बोलणे घातलेले नाही. तो रानकारल्याचा वेल उचलून देवळाच्या दाराला गुंफतो आणि खुणेने सांगतो की, आता हे गाव रानाचे झाले. प्रसंग भव्य आहे. परंतु मालक मुका आहे. वस्तुतः गोंड मुका कधीच नव्हता. त्याच्या वंशकथा गाण्यासाठी परधानांची एक सबंध जमात पिढ्यान्‌पिढ्या बाना हे तंतुवाद्य हाती घेऊन दारोदार फिरत आली आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाच्या मुखातून लिंगोचे दीर्घ गीत लिहवून घेतले होते. हिस्लॉप १८६३ साली वारल्यावर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली ते प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप यांचे नाव आहे, टेंपल यांचे आहे. गाणाऱ्या परधानाचे नाही. १८७१ साली कॅप्टन फॉर्सिथ यांनी मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील आपल्या ग्रंथात हीच लिंगोकथा इंग्रजी पद्यात घातली, आणि तीही लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या वृत्तात. ते वृत्त लाँगफेलोने घेतले होते ‘कालेवाला’वरून. म्हणजे टोल्किन यांना भारून टाकणाऱ्या त्या फिनी काव्याची चाल लिंगोच्या गीताला चढविली गेली होती, तीही टोल्किन जन्मण्यापूर्वी वीस वर्षे. फरक एवढाच की, फिनलंडच्या गायकाचे नाव राहिले आणि आमच्या परधानाचे बुडाले.

कोकणी वाचकांना हे प्रकरण केवळ सातपुड्याचे वाटू नये. किपलिंग यांचा जन्म १८६५ चा, मुंबईचा. त्यांच्या आत्मचरित्राच्या आरंभीच एक आया भेटते. ती पोर्तुगीज रोमन कॅथलिक होती व रस्त्याकडेच्या क्रुसाजवळ थांबून प्रार्थना करीत असे, असे ते सांगतात. दुपारच्या उकाड्यात झोपण्यापूर्वी ही आया किंवा मीता नावाचा हिंदू गडी मुलांना गोष्टी सांगे, येथली बालगीते गाई. ती आपण कधीच विसरलो नाही, असेही ते लिहितात. मूल ज्या बोलीत विचार करी व स्वप्ने पाही ती देशी बोली होती; जेवणघरात आईबापांपुढे जाताना त्याला ‘आता इंग्रजीत बोल’ असे बजावावे लागे. ही आया गोव्याची होती की मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली, हे आम्ही ठरवीत नाही. पण जगप्रसिद्ध कथालेखकाच्या कानावर पहिली कथा घालणाऱ्या या बाईला आत्मचरित्रात नाव नाही. ती केवळ ‘आया’ आहे. सॅव्हिल क्लबातील सभासदांची नावे मात्र एकेक करून दिली आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. सर्वच थोर वाङ्मय उसने घेते. कालिदासाने शकुंतला महाभारतातून घेतली, मग किपलिंगलाच का धरता? उत्तर सोपे आहे. कालिदासाच्या प्रेक्षकाला महाभारत ठाऊक होते. कर्ज उघड्यावर होते. त्याने त्या भांडवलावर काय वाढविले, हे पाहण्यासाठीच लोक जमत. ज्याचे मूळ श्रोत्याला ठाऊक नाही, आणि ज्याच्या मूळ सांगणाऱ्याला ग्रंथात लबाड ठरविले आहे, ती उसनवारी निराळ्या जातीची होय. दुसरा आक्षेप असा की, बैठकीवाचून वाङ्मय वाढत नाही. कबूल! पुण्याचे रविकिरण मंडळ १९२३ साली निघाले ते रविवारच्या चहाच्या बैठकीतून, आणि त्या चहाने मराठी कवितेला पुष्कळ दिले. आम्ही बैठकीचे वैरी नाही. पेल्यात चहा आहे की बियर, यावरही आमचा कटाक्ष नाही. बैठक लेखकाला धीर देते, कान देते, टीका देते. पण बैठकीत जे वाचले जाते त्याचे बी-बियाणे बहुधा बाहेरून येते, आणि ते आणून देणाऱ्याला बैठकीत खुर्ची नसते. एवढेच आम्ही दाखवू इच्छितो.

तिसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा. ते म्हणतील, कायद्याने कल्पनेवर कोणाची मालकी नाही. मालकी असते ती शब्दरूपावर. तोंडी कथा सांगणाऱ्याचा दावा उभाच राहत नाही. अर्धे खरे. १९५७ चा आमचा ग्रंथस्वामित्वाचा कायदा लेखकाच्या शब्दांचे रक्षण करतो, पारावरच्या मूळ कल्पनेचे नव्हे. परंतु त्याच कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कला सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क मान्य झाला आहे. त्या व्याख्येत गायक, नट, जादूगार यांच्याबरोबर गारुडीसुद्धा आहे, आणि कोणताही प्रयोग सादर करणारा इतर माणूसही आहे. आज एखाद्या परधानाचे गाणे त्याच्या संमतीवाचून ध्वनिमुद्रित करून बाजारात आणले, तर त्याला दाद मागता येते. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. म्हणजे कायदाही, उशिरा का होईना, पाराच्या दिशेने चार पावले आला आहे. वाङ्मयीन सदसद्विवेकाने कायद्याच्या मागे राहावे काय?

आणि आता थोडे घरचे. दोष सगळा साहेबाच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. मोगली आमचा, असे ढोल वाजवून सांगणारे आज आमच्याच बाजूला पुष्कळ आहेत. पेंचच्या एका अभयारण्याला तर अधिकृतपणे मोगलीचे नाव दिलेले आहे. स्लीमनच्या अवधच्या हकीकती ओढूनताणून सिवनीच्या नावावर चढविल्या जातात. मंडला व बालाघाट जिल्ह्यांत पसरलेले कान्हाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली जाहीर झाले. पुढे त्याच्या गाभ्यातील बैगा व गोंड गावे उठवून बाहेर वसविण्यात आली. व्याघ्ररक्षणाच्या गुणदोषांचा खल येथे करावयाचा नाही. परंतु ज्या माणसांच्या बोलण्यात वाघाचा देव आहे, वाघाने मारलेल्याच्या भुताला शांत करण्याचे मंत्र आहेत, त्यांना वेशीबाहेर पाठवावयाचे आणि व्हरमाँटमध्ये लिहिलेल्या मुलाला आत आणून बसवावयाचे, हा व्यवहार करताना आपण बलदेवाची टवाळी दुसऱ्यांदा करतो, आणि या खेपेस दोष आपला असतो.

याहून निराळे वागता येते, याचे दाखले आमच्याच प्रदेशात आहेत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४४ साली महाकोशलच्या लोककथा प्रसिद्ध केल्या, तेव्हा कथेबरोबर जमात, गाव आणि जिल्हा नोंदविण्याचा पाठ घातला. त्यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, आणि गोंडांच्या या भाटांना विषयाच्या केंद्रस्थानी बसविले. गावापर्यंत आलेली ही नोंद माणसापर्यंत नेणे, एवढेच आमच्या पिढीचे काम उरले आहे.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. ‘जंगल बुक’ मराठीत वा कोकणीत पुन्हा छापणाऱ्याने प्रस्तावनेत त्याचे हे सारे धागेदोरे सांगावेत, आणि बलदेवाच्या गोष्टीपाशी थांबून विद्यार्थ्यास विचारावे की, ही थाप आहे की रूपक. अरण्याच्या प्रवेशद्वारांवर मोगलीच्या जोडीला बैगा व गोंड कथा, सांगणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावासकट, त्यांच्या भाषेत लावाव्यात. आमच्या भागातील पोवारी, गोंडी, मराठी आणि दक्षिणेकडील कोकणी कथा जो कोणी टिपून घेईल, त्याने सांगणाऱ्याचे नाव, गाव व तारीख पहिल्या ओळीत लिहावी, आणि छापील प्रत त्याच्या घरी पोहोचती करावी. आणि मराठी लेखकांनी, विशेषतः अद्भुत लिहिणारांनी, आपण कोणाचे ऐकले हे पुस्तकाच्या आरंभी सांगण्याची लाज बाळगू नये.

ऋण सांगितल्याने प्रतिभा लहान होत नाही. टोल्किन यांनी ‘कालेवाला’चे ऋण सांगितले म्हणून त्यांचा तूरिन कोणी त्यांच्याकडून काढून घेतला नाही. किपलिंग यांची शैली, त्यांचे अरण्य, त्यांची भाषेवरील हुकमत ही त्यांचीच राहील. तीवर कोणाचा दावा नाही. दावा आहे तो एवढाच की, ऑक्सफर्डच्या मद्यगृहात आणि लंडनच्या क्लबात ज्यांच्या खुर्च्या होत्या त्यांची नावे आपण पाठ करतो. मग वैनगंगेच्या काठच्या ओट्यावर जे बसले होते, त्यांची नावे विचारण्याची निदान सुरुवात तरी करावी. पार अजून आहेत, सांगणारेही थोडे आहेत. ते किती दिवस असतील, हे मात्र आमच्या हाती नाही.